बर्फातली नळी

मी घनश्याम. मुकुटबनच्या बसथांब्यापाशी लोकायचं रक्त काढतो अन् तपासाले यवतमाळले धाडतो. अकरा वर्षं झाली, एक नाव चुकलं नाही. तरी यंदा नंदाबाईनं माझं डोकं खाल्लं.

नंदाबाई म्हणजे तांड्यावरच्या देवसिंगची बायको. डोळे लहानपणापासूनच पिवळसर, अन् आता पित्ताशयात खडे. दोन घास पोटात गेले की कळ उठे अन् बाई भिंतीले टेकून बसे. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं ऑपरेशन ठरवलं, आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला. मी रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं, बसनं धाडलं. पोटॅशियम सात आलं, पाहिजे पाचाच्या आत. एवढ्यावर भूल दिली तर हृदय बंद पडू शकते, म्हणून ऑपरेशन रद्द.

मंग पोटॅशियम वाढवते म्हणून तिचं केळं बंद, टमाटं बंद, तुरीचं वरण बंद. "हे खाऊ का भाऊ, ते खाऊ का?" विचारायले ती माझ्याकडंच ये. मी नाहीच म्हणो. महिन्यानं पुन्हा रक्त धाडलं. या खेपेले बर्फ डबल टाकला, म्हटलं बोट दाखवायले जागा नको. साडेसात आलं. हृदयाची पट्टी काढली तर एकदम चांगली. किडनीही चांगली.

"माणूस बरा अन् रगतच खराब, असं कसं?" नंदाबाई म्हणे. "तुह्या डब्यात नळ्या बदलून राह्यल्या, भाऊ."

मले असा राग आला का काय सांगू. त्याच डब्यात रोज वीस जणाइच्या नळ्या जात, कोणाचंच वाढत नव्हतं. हिचंच कायले वाढते?

तिसऱ्या खेपेले तिनं नळी डब्यात ठेवूच दिली नाही. मुठीत धरली अन् तीन घंटे बसमधी तशीच बसली. पोटॅशियम आलं सव्वाचार. झालं, तांडाभर बोभाटा: घनश्याम नळ्या बदलते. दोन रिपोर्ट असे अन् एक तसा, म्हणून डॉक्टरीणबाईही तारीख देईना.

म्हटलं आता दूध का दूध, पानी का पानी. एकाच सुईनं दोन नळ्या भरल्या. तिनं आपल्या ओढणीचा लाल धागा दोन्हीले बांधला. एक तिच्या मुठीत, एक माझ्या बर्फात. मी स्वतः तिच्या बाजूच्या सीटवर बसून गेलो.

मुठीतली सव्वाचार. बर्फातली साडेसातच्या वर.

डॉक्टरीणबाईनं नंदाबाईच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला अन् आम्हाले दुर्बिणीतून पाहू दिला. चांगली लाल पेशी गोल असते, मधात खोलगट. हिच्या कितीतरी पेशींच्या मधात चीर होती, तोंड उघडल्यासारखी.

"पेशीच्या कातडीत प्रथिनं असतात," बाई म्हणाल्या. "काही तिचा आकार धरून ठेवतात, काही दारासारखी असतात, कोणता क्षार आत न् कोणता बाहेर ते ठरवतात. हिची दारं जन्मापासून सैल आहेत. अंगात ऊब असते तोवर चालून जातं. थंडीत ती गळतात अन् पेशीतलं पोटॅशियम नळीत उतरतं. अशा पेशी लवकर फुटतात, म्हणून डोळे पिवळे, म्हणून खडे."

"म्हणजे नळ्या बदलल्या नाहीत," मी छाती काढून म्हटलं.

"नाही. बर्फ कोणी टाकला?"

"मी," म्हटलं. दुसऱ्या खेपेचा डबल बर्फ आठवला अन् लाजच वाटली.

मंगळवारची तारीख मिळाली. परतताना यवतमाळच्या बसस्टँडवर तिनं एक केळं घेतलं. सोललं, अन् तोंडाशी नेता नेता थांबली.

"खाऊ का, भाऊ?"

दोन महिने ती हेच विचारत होती. मी मान हलवून हो म्हटलं. तिनं अर्धं मोडून माझ्या हातात दिलं.