अर्ध्या ताटाचं भूत

या, असे जवळ सरका. एका भुताची गोष्ट सांगतो. त्याला फक्त डावीकडचं जेवण लागायचं.

शिवणवाल्या मावशींच्या खोलीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाई मशीनला टेकूनही माणसं उभी. मावशींना मेंदूचा झटका येऊन दोन महिने झालेले, डावा हात लुळा. जेवायला बसल्या की ताटाची उजवी बाजू साफ, डावीकडचं शीतही हलायचं नाही. वर म्हणायच्या, "संपलं गं सूनबाई, वाढ की अजून!"

"डावा वाटा त्याचा!" भूत उतरवायला बोलावलेले महाराज गरजले. बुबुळं अशी फिरवली, जणू भूत पंख्याला लोंबकळतंय. "अडीच अक्षरांचा मंत्र, अडीच फेरे!" ताट गरगर फिरवून त्यांनी पुढ्यात ठेवलं. मावशींनी उरलेला भात गुमान खाल्ला. खोलीभर हात जोडले गेले. सांगायला लाज वाटते, त्यांत माझेही होते.

"आता हाताचा व्यायाम बंद. भुताला ओढाल तर मानेवर बसेल."

सून रडवेली झाली. हात आत्ताच हलवला नाही तर कायमचा आखडेल, असं दवाखान्यातल्या व्यायामवाल्यांनी बजावलं होतं. पण तेही वैतागलेले. फळीच्या भोकांत खुंट्या बसवायला दिल्या की मावशी डावी अर्धी फळी रिकामी सोडायच्या. त्यांनी कागदावर खरडलं होतं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.'

दारातून आवाज आला, "महाराज, पूर्ण तीन फेरे करा बघू." कोपऱ्यावरच्या दुकानात डोळे तपासणारी चष्मेवाली होती.

"अडीचच! शास्त्र आहे."

"मग मीच करते." तिने ताट पुन्हा वाढलं, तीन फेरे दिले, ठेवलं. मावशींनी उजवा भाग संपवला, डावा तसाच. मग तिने एका बोटाने ताट अर्धं वळवलं. ना मंत्र, ना आरोळी.

"अगं बाई, हे कुठून आलं?" म्हणत मावशी जेवू लागल्या.

"डावीकडचं उजवीकडे आलं. एवढंच तुमचं भूत!" चष्मेवालीने मावशींसमोर बोटं हलवून पाहिलं, आधी त्यांचा एक डोळा झाकून, मग दुसरा. "दोन्ही डोळ्यांना डावीकडचंच तेवढं दिसत नाही, म्हणजे डोळे धड आहेत. झटक्याने मेंदूतलं डावीकडचं दिसणं गेलंय. दोन महिन्यांत कुणी तपासलंच नाही!"

"मावशी, तुम्ही तरी बोलायचं," मी म्हणालो.

"जे दिसतच नाही, ते दिसत नाही हे मला कसं कळावं रे?"

"नास्तिक मेले!" महाराज चपला शोधू लागले.

"थांबा," मी म्हणालो. "देवाची कथा कुणी गाऊन सांगितली की माझे डोळे भरतात. त्या देवाच्या नावावर आजारी बाईचं ताट फिरवता? चालते व्हा!"

दुसऱ्या दिवसापासून व्यायामवाल्यांनी फळीच्या डाव्या कडेला लाल फीत लावली. फीत दिसेपर्यंत मान वळवायची, मगच खुंटी उचलायची. आठव्या दिवशी मावशी मान वळवत गेल्या आणि फितीपाशी थबकल्या. "हा हात इथेच पडून होता होय? ऊठ रे आळशा!" करंगळी जराशी हलली. कागदावरची ती 'सहकार्य करत नाही'ची ओळ व्यायामवाल्यांनी स्वतः खोडली.

बाबांनो, फळ्यावरचं अर्धंच उतरवणाऱ्या लेकराला 'ढ' म्हणण्याआधी, दुखणेकऱ्याला 'हट्टी' म्हणण्याआधी त्याचं दिसणं तपासून घ्या. आणि ताटात अर्धं जेवण उरलेलं दिसलं, तर भुकेल्या बसलेल्या आमच्या मावशींची आठवण ठेवा.