पहिलीच्या हातचं कुंकू

गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर गाव म्हणेल, आमच्यावरच काहून घसरता? नांदगाव खंडेश्वरच्या आसपासच्या काळ्या रानातलं कुठलंही गाव धरा. साल १९५८, दिवस चैत्राचे. खुशालरावांच्या घरी पार्वताबाई चुलीपुढं ज्वारीच्या भाकरी थापत होती आणि तिचा एक कान ओसरीकडे होता. ओसरीवर तिची सवत जमुना पार्वताबाईच्याच पोटच्या पोरीला, तेरा वर्षांच्या शकुनला, भूगोल विचारत होती.

धडा संपला तशी शकुन आत आली. "माय, लहानीमाय म्हणते, अमरावतीच्या हायस्कुलात..."

"लहानीमाय म्हणते, लहानीमाय म्हणते! माय काय म्हणते थे कधी आयकशीन?" पार्वताबाईनं भाकर तव्यावर आदळली. भाकर मधोमध चिरली आणि तो रागही जमुनाच्याच खाती गेला.

आठ वर्षांपूर्वी जमुना या घरात आली होती. पार्वताबाईला एक शकुनच जगली, मुलगा नाही, म्हणून खुशालरावांनी अचलपूरहून दुसरी आणली. आपल्याकडे या गोष्टीचाही एक विधी आहे. पहिलीनं आपल्या हातानं दुसरीला कुंकू लावायचं. तेवढं झालं की सारा गाव मोकळा: "पहिलीच राजी होती, आपल्याले काय!" मार खाणाऱ्याकडूनच काठी मागून घ्यायची, असला हा शहाणपणा. पार्वताबाईनं कुंकू लावलं. तिच्या चेहऱ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मग तिनं जमुनाला पाहून घेतलं. जमुना सातवी पास होती आणि ट्रंकेतून चार पुस्तकं घेऊन आली होती. पहिल्याच आठवड्यात ती पुस्तकं चुलीत गेली. जमुनानं कुणाला सांगितलं नाही. पुढं तिला मुलगा झाला तो मेलेलाच. त्या दिवशी पार्वताबाईला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, आधी बरं वाटलं.

जमुनाच्या रित्या ओटीत मग शकुन जाऊन बसली. जमुना तिला भरवत नसे, कवटाळत नसे. "तुही वेणी तू घाल. पडली त तूच उठ," असं म्हणून आपण बाजूला उभी राहायची. आणि पोरगी तिच्यावरच जीव टाकायची! पार्वताबाई शकुनच्या ताटात तुपाची धार धरायची, ताप आला तर रात्र रात्र उशाशी बसायची, अन् बरी झाली की पोरगी पहिली धाव घ्यायची ती ओसरीवर. नवरा वाटून घेतला ते पार्वताबाईनं सोसलं होतं. लेक वाटून घेणं तिला सोसेना.

परीक्षा झाली. गावची शाळा सातवीपर्यंतच. एका सकाळी शकुन घरात दिसेना.

"अमरावतीले गेली. वसतिगृहाचा अर्ज आणाले," जमुना म्हणाली.

"कोणासंग?"

"एकटी. फाट्यावर सरकारी मोटारीत बसवून दिलं म्या."

"एकटी! अवं, तुह्या पोटची असती त धाडली असती काय एकटी?"

जमुनाचा चेहरा उतरला. "माह्या पोटची असती त आतापावतर दोनदा धाडली असती, बाई. उद्या तिले कोणी बस म्हणलं त बसून नाही राह्यली पायजे."

पार्वताबाई दिवसभर जेवली नाही. दिवेलागणीला दारात पावलं वाजली तशी ती पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन धावली. शकुन धुळीनं माखली होती, डोळे नुसते चमकत होते. आईच्या बाजूनं ती सरळ ओसरीवर गेली आणि अर्जाचा कागद जमुनाच्या हातात दिला. "लहानीमाय, आणला! कोणाले रस्ताबी नाही पुसला!"

मग तिला आईची आठवण झाली आणि ती पाय धुवायला मागं वळली. पण तोवर तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं गेलं होतं.

त्याच संध्याकाळी, जेवण वाढताना, पार्वताबाई नवऱ्याला म्हणाली, "नत्थुजीनं बार्शीटाकळीचं स्थळ आणलं होतं नं? होकार देऊन टाका."

खुशालरावांचा घास हातातच राहिला. "रामरावचं? त्याची पहिली हाय ना घरी. तूच त नाही म्हणली होती, सवतीवर पोट्टी देत नाही म्हणून."

"मी नाही राह्यली काय सवतीत? मेली काय?"

जमुनानं ते ऐकलं. ती दोन दिवस पार्वताबाईच्या मागं मागं फिरली, शेवटी पाय धरले. "बाई, मले शिक्षा द्या. मले अचलपूरले धाडून द्या. पोरीचं असं नका करू." पार्वताबाईनं पाय काढून घेतले. खरं सांगायचं तर सवतीला रडताना पाहून तिला गोड वाटलं. पुस्तकं जाळल्यानंतर पहिल्यांदाच जमुनाजवळचं काही तिनं हिसकून घेतलं होतं. ते आपल्याच लेकीचं आयुष्य आहे, हे मत्सरानं तिला दिसू दिलं नाही. मत्सराला दोनच डोळे असतात आणि ते दोन्ही सवतीवर लागलेले असतात.

आठव्या दिवशी पाहुणे आले. चाळिशी ओलांडलेला रामराव, मध्यस्थ नत्थुजी, आणि रामरावाची पहिली बायको भागीरथा. तिला मुद्दाम आणलं होतं, कुंकू तिनंच लावायचं ना! शकुन पाटावर बसली. तिनं रडून डोळे सुजवले होते, पण मान खाली घातली नव्हती.

भागीरथा तिच्याकडे पाहत राहिली. आधी केस पाहिले, मग हात, मग कोवळा गळा. पार्वताबाई परडीत पानसुपारी घेऊन उभी होती. ती नजर तिला कुठंतरी भेटलेली वाटली.

"पोट्टी नाजूक हाय," भागीरथा हसून म्हणाली. "शिकेल हाय म्हणतेत. पुस्तकं घेऊन येशीन काय वं? आण, आण. आमच्या इथं चूल मोठी हाय."

पार्वताबाईच्या हातातली परडी कलंडली. आठ वर्षांपूर्वी याच घरात, याच शब्दांत ती स्वतः बोलली होती. जमुनाच्या ताटात मुद्दाम टाकलेलं मूठभर मीठ तिला आठवलं. मेलेलं मूल ओटीत घेऊन बसलेली जमुना आठवली, आणि दाराआड उभी असलेली, आधी बरं वाटलेली आपण. या बाईच्या हाती आपली शकुन जाणार. ही वाईट नाही, ही माझ्यासारखीच आहे, आणि म्हणूनच ती पोरीला जगू देणार नाही.

भागीरथेनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं. ते कपाळापर्यंत पोचायच्या आत पार्वताबाईनं तिचं मनगट धरलं.

"नाही."

"काय झालं?" खुशालराव उठले.

"मी पोट्टी देत नाही."

"शब्द गेला हाय माहा! इज्जत हाय काही!"

"शब्द म्याच दिवाले लावला, मीच वापस घेतो. मले हेवा होता. सवतीवर जळून लेक जाळत होती मी. आयका सारे जण, लाज नाही मले सांगाले. आठ साल या बोटानं म्या घर नासवलं. ह्या बाईचं बोट माह्या लेकीच्या कपाळाले लागू नाही देत."

नत्थुजी समजुतीनं म्हणाले, "बाई, आतापावतर हेच होत आलं..."

"आता होत नाही," जमुना चौकटीतून बोलली. बाहेरच्या माणसांपुढं ती पहिल्यांदाच बोलत होती. "तीन साल झाले कायदा होऊन. पहिली जिती असतानी दुसरी करणं गुन्हा हाय. अन् पोट्टी तेरा सालची हाय."

"कायदा तिकडं मुंबईले!" रामराव गुरकावला.

"ठाणं नांदगावले हाय," पार्वताबाई म्हणाली. "पायी जाईन मी. लहानी लिहून देईन, मी आंगठा देईन."

रामराव जोडे घालून तरातरा निघाला. भागीरथा अजून तिथंच होती. पार्वताबाईनं तिचं मनगट सोडलं. "बाई, तुह्यावर राग नाही. मी तुह्याच जातीची." भागीरथेच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटावरचं कुंकू तिनं आपल्याच कपाळाला टेकवलं आणि नवऱ्यामागं गेली.

खुशालराव चार महिने घरात बोलले नाहीत. गावानं मात्र पुष्कळ बोलून घेतलं. जूनमध्ये शकुन अमरावतीला निघाली तेव्हा पार्वताबाई पोचवायला जाते म्हणून हटून बसली. शकुन म्हणाली, "माय, एकटी जातो मी. तू फाट्यापावतर ये." पार्वताबाई फाट्यावर थांबली. मोटार दिसेनाशी झाल्यावरच तिनं पदर डोळ्यांना लावला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. वर नाव पार्वताबाईचं होतं, वाचायला बसली जमुना. "तीर्थरूप मायले नमस्कार. इथं माझे कपडे मीच धुते..."

"थांब," पार्वताबाई म्हणाली. लेकीचे शब्द सवतीच्या तोंडून येत होते आणि तिचा तोच जुना मत्सर पुन्हा जागा झाला होता. एका दिवसात माणूस देव होत नाही. "माह्या लेकीचं पत्र तुह्या तोंडून नाही आयकत मी. मले शिकव."

जमुना शकुनची पाटी घेऊन आली. त्या दिवसापासून रोज, भाकरी झाल्या की, पार्वताबाई ओसरीवर बसू लागली. पुस्तकं जाळणाऱ्या त्या बोटांना 'श' काढायला तीन आठवडे लागले. पेन्सिली मोडल्या, पाटी एकदा अंगणात भिरकावली गेली, पुन्हा उचलून आणली गेली. गावातल्या बाया हसल्या. मग त्यातली एक आपल्या पोरीला घेऊन येऊन बसली.

माघात शकुनला वसतिगृहात एक कार्ड मिळालं. त्यावर वाकडीतिकडी एकच ओळ होती: "शकुन, हे मी लिहिलं. लहानीनं नाही."

पत्त्याची ओळसुद्धा पार्वताबाईनं जमुनाला लिहू दिली नव्हती. त्यामुळं कार्ड कुठं कुठं फिरून आठ दिवस उशिरा पोचलं. पण पोचलं.