दोन ओळींची दुरुस्ती

दोन वर्षांपूर्वी अच्युत परबने जाहीर केलं, की 'सोंगटी'चा जुना कोड आता दुरुस्त होणार नाही. सगळं पायापासून नव्याने लिहिणार. सोंगटी म्हणजे मोबाइलवरचे खेळ बनवायचं त्याचं फुकट इंजिन. कोड सगळ्यांना उघडा. वापरणाऱ्या चारेकशे लोकांनी अभिनंदन केलं. बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

दर्शना मात्र दर सोमवारी लिहायची. परळला ती उशिरा बोलू लागलेल्या मुलांना बोलायला शिकवते. सोंगटीवर तिने खेळ केलाय: मूल 'मासा' म्हणालं, की मासा उडी मारतो. नव्या फोनांवर तो अर्धा सेकंद उशिरा मारायचा. "सर, मुलांना वाटतं आपलंच चुकलं. गप्प होतात हो."

"नव्या इंजिनात हा प्रश्नच राहणार नाही," अच्युत कळवायचा. दुरुस्ती जुन्या कोडात दोन ओळींची होती, हे त्याला पाठ होतं.

रविवारी त्याच्या लालबागच्या चाळीत मीटिंग झाली. पुनर्विकासाच्या सह्या होऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून चाळीत कोणी खिळा ठोकला नव्हता, आणि अच्युतचं छत गळत होतं.

"टॉवर येतोय ना, अच्युतदादा," सेक्रेटरी हितेंद्र म्हणाला. "पाडायच्या बिल्डिंगला डांबर कोण लावतं?"

"येईल तेव्हा येईल! तोवर माणसं राहतात रे इथे!"

टाळ्या पडल्या. त्याची बायको आकांक्षा तेवढी हात बांधून बसली होती. जिन्यात म्हणाली, "त्या दर्शनालाही हेच सांग की."

"ते वेगळं आहे."

"कसं?"

"टेक्निकल आहे."

तरी घरी येऊन त्याने जुना कोड उघडला. दोन ओळी लिहायच्या, संपलं. पण वरची ओळ खटकली. ती सुधारली, तर तिच्या वरचं सगळंच बावळट दिसू लागलं. संध्याकाळपर्यंत त्याने आवाजाचा अख्खा विभाग नव्याने लिहून काढला. आता मासा उशिरा उडी मारत नव्हता. मारतच नव्हता.

सोमवारी दर्शनाचा निरोप आला. "सर, राग मानू नका. जुना कोड आम्ही वेगळा काढून घेतला. माझ्या भावाने, विहंगने, दोन ओळी घातल्या. मुलं बोलतायत. बाकीचेही इकडेच आलेत."

अच्युतने त्या दोन ओळी पाच वेळा वाचल्या. चूक सापडेना. शेवटी त्या ओळींच्या वर, कोड समजावणाऱ्या टिपेत एक जुना, चुकीचा आकडा सापडला. टीप त्याचीच होती. त्याने तो विहंगला तावातावाने कळवला.

चार मिनिटांत विहंगचं उत्तर: "थँक्स सर! तुम्हीच बदलून पाठवा ना. फक्त पाच ओळींच्या आत ठेवा, म्हणजे लगेच घेता येतं."

अच्युतने एक ओळ पाठवली. ती घेतली गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याचं काम त्याच दिवशी लोकांच्या फोनवर पोचलं, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला.