डाव्या गालावरचा तीळ

प्रिंट हातात घेतल्याबरोबर बाई म्हणाल्या, “ही ती नाहीच. ही मी आहे.”

माझं डोकंच तडकलं. तीन दिवस त्यांनी दुकानात आणून दिलेल्या त्या एका निगेटिव्हवर मान मोडून बसलो होतो. स्क्रीनवर एकेक ओरखडा, एकेक धूळकण पुसला होता. गालावरचा ठिपकाही धूळ समजून पुसणारच होतो, तेवढ्यात कळलं की तो तीळ आहे.

“आम्ही जुळ्या,” त्या म्हणाल्या. “ताईचा तीळ उजव्या गालावर, माझा डाव्या. तुम्ही निगेटिव्ह उलटी ठेवलीत.”

ताई सहा वर्षांची असताना गेली. आई आता अंथरुणाला खिळलेली, आणि तिला एकदा थोरलीचं तोंड बघायचं होतं. जुन्या डब्यात ही एवढीच निगेटिव्ह सापडली होती. ती ताईचीच, असं बाई धरून चालल्या होत्या.

उलटी निगेटिव्ह? आणि मी? तसले घोळ नवशिके घालतात. तरी घाईघाईने खुर्ची ओढली. मूळ स्कॅन उघडला. फिल्मच्या काठावरचे आकडे सरळ होते. उलटी ठेवली असती तर ते आरशातल्यासारखे दिसले असते. चूक माझी नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं.

“फोटो तुमचाच आहे,” मी म्हणालो.

त्या मटकन खाली बसल्या. मग उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. “उलटा करून द्या.”

“हा खोटेपणा झाला, बाई.”

“असू दे. तिला आता दिसतंय तरी किती?”

मी ठाम नाही म्हणालो. मग कॉम्प्युटरसमोर बसलो, उठलो, चहा गार केला, पुन्हा बसलो. एका क्लिकसरशी तीळ उजव्या गालावर गेला. प्रिंटरमधून कागद इंचाइंचाने बाहेर येत होता आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं. ज्या हातांनी चाळीस वर्षं खरं तेच छापलं, त्यांचीच मला लाज वाटत होती.

पुढचा आठवडाभर जिवाला चैन नव्हतं. दुकानाचं दार वाजलं की वाटायचं, आल्या भांडायला.

एके दिवशी आल्याच.

“फसल्या का आई?” मी विचारलं.

“कसली फसतेय! बराच वेळ गालावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, ‘हा ताईचा म्हणून राहू दे इथे. पण फोटो तुझाच आहे, छान आलाय गं; तुझा म्हणूनही एक आण.’”