साहेबांचं ‘आपण’

“आवाज वाढव रे, साहेब कळवळ्यावर येतायत,” कार्यकर्ता कानाशी कुजबुजला. माइकवाल्याने बटण फिरवलं. साहेब कधी कळवळ्यावर येतात हे त्याला सांगायची गरज नव्हती. या निवडणुकीत त्यांच्या सगळ्या सभांना कर्णे त्याचेच होते. आधी गळा दाटायचा, मग चष्मा निघायचा, बायाबापड्या डोळे टिपायला लागायच्या, आणि शेवटी साहेब सगळ्यांना हात वर करायला लावायचे.

आजवर त्याने आपल्या कामाशी काम ठेवलं होतं. आज मात्र सभा त्याच्याच गल्लीत होती आणि पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. साहेब ज्या पुलासाठी मतं मागत होते तो याच गल्लीवरून जायचा होता, म्हणजे मायलेकांच्या दोन खोल्यांवरून. म्हणून तो आज कान टवकारून ऐकत होता, आणि जसजसा ऐकत होता तसतशी मनात पाल चुकचुकत होती.

“पूल आम्ही बांधू!” साहेब गरजले. टाळ्या. “नवी घरं आम्ही देऊ!” पुन्हा टाळ्या. मग आवाज खाली आला. “थोडी कळ मात्र आपण सोसू. थोडी जागा आपण सोडू.”

बांधायचं ते ‘आम्ही’ आणि सोडायचं ते ‘आपण’! साहेब कुठली जागा सोडणार होते, खुर्ची? माइकवाल्याने आईला मानेनेच खुणावलं: हात वर करू नकोस.

तेवढ्यात साहेब माइक घेऊन खाली उतरले आणि थेट तिच्यापुढे वाकले. “आई, आपण साथ देणार ना?”

आईने हात वर केला. तिचं पाहून अख्ख्या गल्लीने केला.

घरी आल्यावर तो उखडला. “अगं, काय केलंस हे? घर मागत होता तो आपलं!”

“कळलं मला. बहिरी नाही मी.”

“मग?”

आई मोरीत कपबशा विसळत राहिली. “जन्मभर लोकांची भांडी घासली. ए, अगं, म्हातारे, एवढंच कानावर पडलं. तुझे बाबासुद्धा ‘ए’ म्हणतच गेले. मला ‘आपण’ म्हणणारा हा पहिलाच. त्याला तोंडावर नाही कसं म्हणू रे?”

माइकवाल्याचा राग जागच्या जागी विरघळला. उरलं ते नुसतं वाईट वाटणं.

साहेब निवडून आले. थोड्याच दिवसांत रंगाचे डबे घेऊन माणसं गल्लीत शिरली आणि भिंतीभिंतीवर लाल फुल्या मारू लागली. आई दारात उभी होती. त्यांच्यातल्या एकाला घामाने निथळताना पाहून ती पेला भरून पुढे झाली.

“आपण पाणी घेणार का?” तिने जपून विचारलं. कुणाला असं ‘आपण’ ती पहिल्यांदाच म्हणत होती.

“ए म्हातारे, सरक. भिंत मोकळी कर.”

माइकवाला तरातरा पुढे आला, पण तिने त्याला हातानेच थांबवलं आणि ती सरकली. पाणी मात्र तिने माघारी नेलं नाही. त्या माणसाचा हात पोचेल असं उंबऱ्यावर ठेवलं.