म्हशीच्या पोटातला न्हावी

"निघ, दुष्टा, निघ!"

यकृतानंद महाराजांनी म्हशीच्या उजव्या कुशीवर भस्माची मूठ दाबली, डोळे फिरवले आणि मूठ उघडली. तळहातावर चपटा, पानाच्या आकाराचा किडा! ना चीर, ना रक्त. ओवे गावाच्या मैदानात जमलेल्या दीडशे माणसांनी हात जोडले. म्हैस तेवढी निर्विकारपणे रवंथ करत राहिली.

"बगितलंस, वयनी?" भामा म्हणाली. "भस्म लावल्यापासनं माजी म्हस आठ दिवसांत खायला लागली. आता डॉक्टरीणबाईंचं औषध नाय देनार मी. औषधानं भस्म बाटतं."

तिची भावजय ललिता त्या किड्याकडे निरखून बघत होती. ती पनवेलला मटणाच्या दुकानात कलेजी साफ करायची. असले किडे तिने बकऱ्यांच्या कलेजीतून ढिगाने काढले होते. किडकी कलेजी फेकून द्यावी लागे. पण महिनाभर कमलाकर नावाचा एकजण ती रोज 'मठातल्या कुत्र्यांसाठी' मागून नेत होता. तोच आता महाराजांमागे भस्माची पिशवी धरून उभा होता. आणि मठात कुत्रं एकही नव्हतं.

ललिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण नुसतं सांगून भामाला पटलं नसतं. तिचं रेडकू याच किड्याच्या रोगाने गेलं होतं, आता म्हैसही जायची. त्या दुपारी ललिता जनावरांच्या डॉक्टर माधुरीताईंना भेटून आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने कलेजीतला एकेक किडा चिमट्याने ओढला, कात्रीने त्याचं शेपूट सरळ कापलं आणि किडा पुन्हा कलेजीतल्या पित्ताच्या नळीत सारला. कमलाकर खुशीत पिशवी घेऊन गेला.

मैदानात तिने भामाला आधीच सांगून टाकलं, "आज निघणाऱ्या प्रत्येक किड्याचं शेपूट कापलेलं असेल."

"तुज्या अंगात आलंय काय?" भामा हसली.

पहिला किडा निघाला. शेपूट कापलेलं. भामाचं हसू गेलं. दुसऱ्या म्हशीचा किडा, तोही तसाच. तिसऱ्याला भामाने महाराजांचं मनगटच धरलं.

"महाराज, म्हशींच्या पोटात न्हावी बसलाय काय?"

सगळं मैदान खदाखदा हसलं. "हा... हा कलियुगातला किडा आहे!" महाराज गरजले. ललिताने कात्री वर धरून सगळी हकीकत सांगितली. तिच्या सांगण्यावरून आलेल्या माधुरीताईंनी पुढे होऊन कमलाकरच्या हातातली पिशवी पालथी केली. भस्मासोबत शेपूट कापलेले अकरा किडे पडले. महाराजांनी तातडीने समाधी लावली. पण कमलाकरने स्कूटर सुरू केल्याचा आवाज आला, तशी ती मोडली.

भामा मात्र हटून बसली. "मग माजी म्हस बरी कशी झाली?"

"बरी झालेली नाही," माधुरीताई म्हणाल्या. "डबक्याकाठच्या गवतातून हा किडा पोटात जातो. पिल्लू असताना तो यकृत पोखरत फिरतो. शरीराचं सैन्य त्याच्यावर तुटून पडतं आणि त्या मारामारीत यकृतही जखमी होतं. मग शरीरातल्याच काही पेशी सैन्याला आवरतात, 'पुरे, नाहीतर घरच पडेल.' तोवर किडाही मोठा होऊन पित्ताच्या नळीत जाऊन बसतो. म्हशीला जरा बरं वाटतं. या आवरण्याचा फायदा किड्यालाही होतो, तो आत निवांत राहतो. ब्रेक शरीराने लावला, टाळ्या महाराजांनी घेतल्या."

दुसऱ्या दिवशी भामा शेण घेऊन दवाखान्यात गेली. माधुरीताईंनी सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. पिवळसर, लांबट अंडी स्वच्छ दिसत होती.

"बाय गं! मी आरत्या करत व्हते, आनि आत यांचा संसार चाललाय!"

तिने तिथेच औषध मागून घेतलं. मागच्या खेपेचं का दिलं नाही, हे माधुरीताईंनी विचारलं नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

बरं वाटणं आणि बरं होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या फटीत कुणीतरी भस्म घेऊन उभाच असतो. त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच करा: तपासून बघा. खरं असेल, तर तपासण्याने ते कमी होणार नाही.