सहा पिस्टनांचा कारभारी

मित्रांनो, मोटारीची चकाकी सगळ्यांना दिसते, पण तिच्या पोटात राबणारा मी कुणालाच दिसत नाही. मी एका जुन्या मोटारीचा क्रँकशाफ्ट आहे. एका रांगेतले सहा पिस्टन वर-खाली नाचतात आणि त्यांच्या नाचावर मी चाके फिरवतो. लालबुंद पोलादावर घणाचे घाव बसून माझा जन्म झाला, म्हणून मी हाडाचा चिवट आहे. थोडी बढाई मारतो, पण खोटे बोलत नाही.

मोटारीच्या मालकांनी, आबांनी, मला वर्षानुवर्षे पळवले. पुढे ते थकले, मोटार शेडमध्ये गेली आणि माझ्या अंगावर गंज चढला. तेव्हा मला फार एकटे वाटे.

मग आबांच्या मुलीने, इंजिने बांधणाऱ्या ताईने, मनावर घेतले. आबांच्या डोळ्यांदेखत ही मोटार टेकडीच्या शर्यतीत पळवायची, तीही तिच्या मूळच्या इंजिनावर! माझ्यासारखा दुसरा शाफ्ट आता कुठेच मिळत नव्हता. मी तपासणीत नापास झालो असतो, तर सगळा बेतच बारगळला असता.

लेथवर काम करणाऱ्या टर्नरकाकांनी तडा आहे का ते पाहायला मला गोणपाटावर आडवे ठेवून हातोडी मारली. नुसते 'थड्' झाले.

"गेला हा. आत तडा आहे. दे भंगारात."

माझ्या तोंडचे पाणीच पळाले.

"काका, गोणपाटावर घंटा ठेवली तर ती तरी वाजेल का?" ताई हसून म्हणाली. तिने मला दोरीने टांगले आणि हलकेच ठोकले. मी असा खणखणीत वाजलो की काकांनी जीभ चावली.

"आयला, हा तर गातोय!"

मग काकांनीच जीव ओतून मला घासले. तडा धारदार कोपऱ्यातून जातो, म्हणून माझे कोपरे गोल केले. माझा तोल साधला. लांबलचक असल्याने जोरात फिरताना मला पीळ बसतो. ती थरथर गिळायला ताईने पुढच्या टोकाला नवा डँपर बसवला.

शर्यतीत ताईने पाय दाबला आणि मी जन्मात फिरलो नव्हतो इतका फिरलो! वळणामागून वळण मागे पडत गेले, पण मी कुठेही कुरकुरलो नाही. वर शेवटच्या रेषेपाशी आबा खुर्चीत बसले होते. मोटार दिसण्याआधीच ते आवाजावरून उठून उभे राहिले.

"आली! आपलीच आहे ती!"

आम्ही पहिले आलो. नव्याकोऱ्या मोटारीच्या मालकाने विचारले, "क्रँकशाफ्ट नवा टाकलात ना?"

"छे हो, जन्मापासूनचाच आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी बॉनेटवर थाप मारली. माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. वेळच्या वेळी तेल बदला आणि थंड इंजिन एकदम ताणू नका. एवढे केलेत की सहाच्या सहा पिस्टन मी सांभाळतो, मग टेकडी कितीही उंच असू दे!